पुणे ते लेह मोटारसायकलने: जून, ऑगस्ट की सप्टेंबर? एका सहल-आयोजकाच्या तीन बॅचचे परीक्षण

पुण्याहून स्वतःच्या मोटारसायकलवर लेहला जाऊन परत येण्याच्या सहली आयोजित करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या सेवेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण अशा सहली आता अनेक जण काढतात आणि जवळजवळ सगळ्यांच्याच पत्रकात त्याच तीन तारखा दिसतात: शाळांच्या सुट्टीचा शेवट साधणारी जूनच्या आरंभीची, स्वातंत्र्यदिनाला लेहमध्ये पोहोचवणारी ऑगस्टची आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघणारी. गाडी कोणती घ्यावी, सामान कसे बांधावे यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते, परंतु या तिन्हींपैकी कोणती तारीख निवडावी, ज्यावर सगळ्या प्रवासाचे सुखदुःख अवलंबून असते, ती मात्र बहुतेक जण कार्यालयातून रजा कधी मिळते एवढ्यावर ठरवतात. सप्टेंबरची बॅच मी पूर्ण केली आहे, जूनची याच आयोजकांबरोबर पूर्वी केली होती, आणि ऑगस्टविषयी लिहिताना त्या बॅचला गेलेल्या निकटच्या सोबत्यांच्या अनुभवाचा आधार घेतला आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘लडाखला जाण्याचा उत्तम काळ जून ते सप्टेंबर’ हे वाक्य विमानाने लेहला उतरणाऱ्या प्रवाशासाठी बरोबर आहे. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर, हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे, तिथे वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि हे चारही महिने तिथली दुपार प्रसन्न असते. मात्र पुण्याहून निघणाऱ्या स्वाराला एका बाजूचे सुमारे अडीच हजार किलोमीटर अंतर तोडायचे असते आणि त्यातला लडाखचा भाग थोडा असतो. आधी महाराष्ट्र, माळवा, राजस्थान आणि पंजाबचा सपाट प्रदेश लागतो, मग जम्मू-काश्मीर किंवा हिमाचलातले ओले, ठिसूळ डोंगर लागतात आणि त्यानंतर कोरडे उंच पठार येते. या तिन्ही पट्ट्यांचे ऋतू एकमेकांशी जुळत नाहीत. एकीकडे उन्हाळा संपावा तर दुसरीकडे दरडी कोसळू लागतात, आणि दरडी थांबाव्यात तर तिसरीकडे बर्फाची चाहूल लागते. म्हणून हंगाम निवडायचा तो लेहसाठी नव्हे, तर येण्याजाण्याच्या संपूर्ण वाटेसाठी, आणि मी या तीन बॅचचे मोल त्याच कसोटीवर करतो आहे.

जूनची बॅच सर्वांत लवकर भरते. पत्रकावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बर्फाच्या भिंतींचे छायाचित्र असते आणि ते खोटे नाही. जोझिला आणि बारालाचा या खिंडींच्या आसपास जूनच्या आरंभी तसा बर्फ खरोखर दिसतो, आणि ज्यांना तोच पाहायचा आहे त्यांच्यासाठी दुसरी बॅच नाही. त्या भिंतींपर्यंत पोहोचण्यासाठी द्यावी लागणारी किंमत मात्र पत्रकात नसते. आयोजकांचा मार्ग नाशिक, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर असा, म्हणजे धुळ्यापासून पुढे मुख्यतः राष्ट्रीय महामार्ग ५२ धरून जातो, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोटा ते हिसार या टप्प्यात पारा ४५ अंशांच्या घरात असणे ही नित्याची बाब आहे. हवा जेव्हा त्वचेपेक्षा गरम असते तेव्हा जाळीदार जॅकेटमधून येणारा वारा शरीर थंड करत नाही, उलट तापवतो. अशा वेळी आतला सदरा भिजवून, वारा अडवणारे जॅकेट अर्धवट उघडे ठेवून चालवावे लागते आणि तासातासाला पाणी व मीठ-साखर घ्यावे लागते. आयोजकांनी दुपारी बारा ते चार गाड्या थांबवण्याचा नियम काटेकोरपणे पाळला याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे, परंतु त्यामुळे दिवसाचे अंतर पहाटे आणि रात्री तोडावे लागते आणि जम्मूला पोहोचेपर्यंत स्वार अर्धा थकलेला असतो. पुढे काही दिवसांतच सोळा-सतरा हजार फुटांच्या खिंडी चढायच्या असताना ही थकावट किरकोळ मानता येत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. मनाली-लेह रस्त्यावर झिंगझिंगबार, भरतपूर आणि सरचूच्या दरम्यान बर्फवितळीचे नाले रस्त्यावरून वाहतात. जून-जुलैमध्ये वितळ जोरात असते, त्यामुळे सकाळी घोट्याएवढे असणारे पाणी दुपारी गुडघ्याच्या वर जाते आणि त्याखालचे गोल गोटे दिसेनासे होतात. सामानाने लादलेली दोनशे किलोंची गाडी त्यातून काढताना पाय टेकवायला जागा सापडत नाही आणि बुटात शिरलेले बर्फाचे पाणी उरलेला दिवस पाय बधिर करून ठेवते. म्हणून जूनमध्ये पहाटे चार-पाचला निघून दुपारपूर्वी नाले ओलांडायचे असतात. शिवाय हिवाळ्याचा बर्फ नुकताच काढलेला असल्याने डांबर जागोजागी उखडलेले असते. सीमा रस्ते संघटनेच्या माणसांचे डागडुजीचे काम तेव्हा कुठे सुरू होत असते, आणि इतक्या उंचीवर त्यांना वर्षातले मोजकेच महिने मिळतात हे लक्षात घेता त्याविषयी तक्रार करणे योग्य नाही. फक्त त्या कामाचा उत्तम परिणाम पाहायचा असेल तर तो हंगामाच्या शेवटी दिसतो.

आता ऑगस्ट. या बॅचची शिफारस मी कोणालाच करणार नाही. पंधरा ऑगस्टला लेहमध्ये किंवा कारगिलच्या परिसरात तिरंग्याला वंदन करावे ही भावना मला पूर्ण मान्य आहे आणि त्यासाठी जाणाऱ्यांचा मी आदर करतो. परंतु मोटारसायकलने, तेही पुण्यापासून, जाण्यासाठी वर्षातला याहून अयोग्य काळ शोधून सापडणार नाही. घाट उतरल्यापासून पंजाबपर्यंत पाऊस असतो, आणि तो एक वेळ सहन करता येतो, कारण आपल्याकडच्या स्वारांना पावसात गाडी चालवण्याचा सराव असतो. खरा धोका डोंगरांचा आहे. जम्मू-श्रीनगर महामार्गावर रामबन ते बनिहाल हा टप्पा आणि हिमाचलात मंडीपासून मनालीपर्यंत बियासच्या काठाने जाणारा रस्ता हे दोन्ही याच काळात सर्वाधिक ढासळतात. जुलै २०२३ मध्ये बियासला आलेल्या पुराने मनालीकडे जाणाऱ्या महामार्गाचे मोठमोठे भाग वाहून नेले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस याच रस्त्यावर पुन्हा तशीच हानी झाली. खुद्द लेहसारख्या कोरड्या गावात ५ व ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्री ढगफुटी होऊन मोठी जीवितहानी झाली होती. या पट्ट्यात पाऊस थोडा पडतो, पण डोंगरावर माती धरून ठेवणारी झाडे नसल्यामुळे थोडा पाऊसही चिखलाचा लोंढा खाली आणतो, आणि हे तिथल्या लोकांकडून ऐकल्याशिवाय आपल्यासारख्या मुसळधार पावसाची सवय असलेल्यांच्या ध्यानात येत नाही. त्यातच जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेमुळे श्रीनगर ते सोनमर्ग रस्त्यावर वाहतुकीचे निर्बंध असतात. सोबत्यांच्या बॅचमध्ये वाटेत अडकून गेलेले दिवस लडाखमधल्या दिवसांतून वजा झाले आणि पँगाँग सरोवराची भेट रद्द करावी लागली. आयोजकांनी पत्रकात एकच राखीव दिवस धरला होता, आणि ऑगस्टसाठी तो कोणत्याही हिशेबाने अपुरा आहे. हा दोष निसर्गाचा नाही, नियोजनाचा आहे.

सप्टेंबरची बॅच ही या सेवेतली खरी मोलाची गोष्ट आहे. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या सुधारित तारखांप्रमाणे नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या माघारीला १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून सुरुवात होते. पूर्वी ही तारीख १ सप्टेंबर मानली जात असे. म्हणजे ५ ते १० सप्टेंबरच्या दरम्यान पुणे सोडले तर माळव्यात आणि राजस्थानात सरी लागतात, पण उष्मा गेलेला असतो, शेते हिरवी असतात आणि एका दिवसात चारशे ते साडेचारशे किलोमीटर अंगावर न येता पार पडतात. पाऊस मागे सरू लागतो त्याच सुमारास आपण जम्मूहून डोंगरात शिरतो. श्रीनगर, सोनमर्ग, जोझिला, द्रास, कारगिल, लामायुरू या क्रमाने वर चढताना सोबत असते ती धुतल्यासारखी स्वच्छ हवा. फोटुलाच्या ४१०८ मीटर उंचीवरून मी पाहिलेली डोंगरांची रेघन् रेघ जूनच्या धुरकट उजेडात मला दिसली नव्हती. खालच्या गावांत सातूची कापणी झालेली असते आणि महिना संपता संपता नदीकाठचे पॉपलर पिवळे होऊ लागतात.

नाल्यांचे रूप तर ओळखू येत नाही. रात्री वर गोठत असल्यामुळे वितळ मंदावते आणि जूनमध्ये धडकी भरवणारे तेच प्रवाह बहुतेक ठिकाणी टायर ओले करण्यापुरते उरतात. मात्र इथे एक नियम उलटा होतो आणि तो आमच्या बॅचच्या प्रमुखाने पहिल्याच बैठकीत नीट समजावून सांगितला. जूनमध्ये पाणी वाढण्याआधी निघायचे असते, तर सप्टेंबरच्या उत्तरार्धात रस्त्यावरून वाहिलेल्या पाण्याचा रात्री काचेसारखा पापुद्रा होतो, त्यामुळे ऊन रस्त्यावर येईपर्यंत थांबायचे असते. सावलीतल्या वळणांवर हा बर्फ डांबराच्या रंगाचाच दिसतो आणि ब्रेक लावल्यावरच त्याचा पत्ता लागतो. आम्ही सरचूहून सकाळी आठपूर्वी कधीच गाड्या सुरू केल्या नाहीत आणि मला तो निर्णय सर्वथा योग्य वाटला. याचा परिणाम दिवसाच्या हिशेबावर होतो. जूनमध्ये लेहला उजेड साडेचौदा तासांच्या जवळ असतो, सप्टेंबरअखेरीस तो बारा तासांवर येतो आणि सकाळचे तास असे वगळले की चालवायला जेमतेम आठ-नऊ तास उरतात. म्हणून या बॅचचे डोंगरातले टप्पे लहान ठेवलेले आहेत, आणि ज्यांना ‘एवढेच अंतर?’ असे पत्रक वाचताना वाटेल त्यांनी हे कारण ध्यानात घ्यावे.

चढण्याचा मार्ग श्रीनगरचा आणि उतरण्याचा मनालीचा, ही त्यांची रचना विरळ हवेची सवय होण्याच्या दृष्टीने उत्तम आहे. श्रीनगर सुमारे १६०० मीटरवर, कारगिल २७०० च्या आसपास आणि मग लेह, असा चढ शरीराला पेलतो. उलट मनालीहून निघाल्यास दुसऱ्याच रात्री सुमारे ४३०० मीटरवरच्या सरचूला झोपण्याची वेळ येते, आणि डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे यांनी अनेकांचा प्रवास तिथेच संपतो. लेहला पोहोचल्यावर दोन रात्री गाडीला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी सर्वांकडून पाळून घेतला, अगदी खार्दुंगलाला लगेच जाण्यासाठी हट्ट धरणाऱ्यांकडूनही. त्या खिंडीवर, ५३५९ मीटरला, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळपास येतो. तिथे इंजिनही दमते आणि माणूसही.

तरीही सप्टेंबरला या रचनेत एक कच्चा दुवा आहे आणि परीक्षण म्हणून तो सांगणे मला आवश्यक वाटते. श्रीनगरच्या वाटेवर सर्वांत उंच खिंड फोटुला आहे, तर मनालीच्या वाटेवर तांगलांगला (५३२८ मीटर), लाचुलुंगला आणि बारालाचा या तिन्ही खिंडी पाच हजारांच्या आसपास किंवा त्याहून वर आहेत. म्हणजे महिना संपताना, बर्फाची शक्यता रोज वाढत असताना, आपण अधिक उंच रस्ता धरतो. सप्टेंबर २०१८ मध्ये २२ तारखेपासून हिमाचलातल्या लाहौलमध्ये अकाली बर्फ झाला, शेकडो लोक अडकले आणि हवाई दलाची मदत घ्यावी लागली. आता अटल बोगद्यामुळे (लांबी ९.०२ किलोमीटर, ३ ऑक्टोबर २०२० पासून खुला) रोहतांग खिंड टळते हा मोठाच दिलासा आहे, परंतु बारालाचा टळत नाही. आमच्या आयोजकांनी परतीचा मार्ग पत्रकात पक्का छापलेला असूनही लेहमध्ये अंदाज पाहून, गरज पडल्यास पुन्हा श्रीनगरमार्गे परतण्याची तयारी ठेवली होती आणि त्या बाजूच्या मुक्कामांशी बोलूनही ठेवले होते. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो. ज्या संस्थेकडे असा दुसरा मार्ग तयार नसेल तिच्याबरोबर सप्टेंबरच्या उत्तरार्धात जाऊ नये.

श्रीनगरची बाजूही या महिन्यात निर्धोक आहे असे म्हणता येत नाही. २०१४ चा झेलमचा महापूर सप्टेंबरच्याच पहिल्या आठवड्यात आला होता. त्यामुळे राखीव दिवस इथेही लागतात. सप्टेंबरच्या बॅचमध्ये ते दोन आहेत. तीन असावेत असे माझे मत आहे, आणि त्यासाठी थोडी अधिक फी घेतली तरी कोणी नाराज होऊ नये.

सेवेतल्या उरलेल्या बाबी थोडक्यात. सोबतच्या गाडीत क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या वायरी, ब्रेक पॅड, ट्यूब, चेनचे सुटे भाग आणि प्राणवायूचा सिलिंडर होता, मेकॅनिक शांत आणि कसबी होता. मुक्काम स्वच्छ होते. परंतु कपड्यांची जी यादी त्यांनी पाठवली ती तिन्ही बॅचसाठी एकच आहे आणि ते चूक आहे. सप्टेंबरअखेरीस सरचूला रात्री पारा शून्याखाली जातो. हातमोज्यांचा जाड जोड, थर्मलचे दोन संच आणि मान झाकणारे लोकरी कापड यांची स्पष्ट सूचना हवी होती. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे भरतपूर, सरचू, पांग इथले तंबू आणि ढाबे महिना संपताना आवरू लागतात. एरवी तिथे चहा, मॅगी, गादी आणि प्रसंगी बाटलीतले पेट्रोलही मिळते, आणि त्यांच्या भरवशावर राहण्याची सवय जूनमध्ये लागलेली असते. मनालीकडून लेहला जाताना लागणाऱ्या टांडीच्या पेट्रोलपंपावरचा ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ हा फलक प्रसिद्ध आहे; परतीच्या वाटेवरही तेच अंतर लागते, म्हणून लेहकडून निघतानाच टाकी भरून पाच लिटरचा कॅन बांधणे या महिन्यात सक्तीचे करावे. शेवटची तक्रार सरचूच्या मुक्कामाविषयी: त्या उंचीवर, त्या थंडीत झोपवण्यापेक्षा लेहहून पहिला मुक्काम उपशीच्या पुढे कमी अंतरावर घेऊन दुसऱ्या दिवशी थेट जिस्पाला उतरवले तर एक दिवस वाढेल, पण सगळ्यांचीच झोप होईल.

परतीच्या वाटेवर उत्तरेकडे आकाश निरभ्र असते आणि खान्देशात शिरल्यावर परतीचा पाऊस भेटतो, दुपारनंतर विजांसह. नाशिकच्या अलीकडे असे ढग दाटून आले की थांबावे; ओल्या रस्त्यापेक्षा उघड्या माळावरची वीज अधिक घातक असते.

ज्यांच्याकडे तीन आठवड्यांची रजा नाही त्यांना आयोजक गाडी रेल्वेने जम्मूला पाठवून तिथून सामील होण्याची सोय देतात. टाकी रिकामी करून, गाडी बांधून पार्सलमध्ये द्यावी लागते आणि ती वेळेवर पोहोचेल याची खात्री नसते, म्हणून ती चार-पाच दिवस आधी पाठवावी. असे केल्यास मैदानी प्रदेशाचा उन्हाळा वगळला जातो आणि मग जूनचा उत्तरार्धही विचारात घेण्याजोगा ठरतो. लेहमध्ये भाड्याने गाडी घेण्याचा पर्यायही आहे, पण बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्यांना नुब्रा-पँगाँगच्या बाजूला स्थानिक व्यावसायिक जाऊ देत नाहीत, हे ध्यानात ठेवून ती लेहमध्येच घ्यावी.

राहता राहिला गणपतीचा प्रश्न, जो महाराष्ट्रातल्या स्वाराला सोडवावाच लागतो आणि ज्याचा विचार या आयोजकांनी अद्याप केलेला दिसत नाही. उत्सव ऑगस्टअखेर आला की विसर्जन आटोपून निघता येते आणि सगळे जुळते. अधिक महिन्याच्या वर्षी मात्र चतुर्थी पुढे सरकते. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी २५ ला. त्यानंतर निघणाऱ्याने मनालीच्या वाटेचा नादच सोडावा, कारण बारालाचापर्यंत पोहोचेपर्यंत ऑक्टोबरचा मध्य उजाडेल. त्या वर्षी गाडी रेल्वेने पाठवून श्रीनगरच्याच वाटेने जावे व त्याच वाटेने यावे. २०२७ ला चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी आहे. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो त्यांना सोमवारी, ६ तारखेला सकाळी पुणे सोडता येईल, आणि दहा दिवसांचा गणपती असणाऱ्यांनी आयोजकांना आत्ताच कळवून श्रीनगरमार्गे परतणारी वेगळी बॅच मागून घ्यावी.